अकरावीच्या मुलांना मानसशास्त्राची ओळख करून द्यायची आहे. पहिल्या दोन-तीन तासांत काय करू?

पहिला_तास | रविवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. तीन वर्षं मी तासिका तत्त्वावर शिकवत होते. यंदा बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात रुजू झाले आहे. अकरावी कला, मराठी माध्यम, पटावर ६२ मुलं. निम्म्याहून जास्त मुलांचे आईवडील ऊसतोडीला जातात, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे ते निघाले की मुलं उन्हाळ्यापर्यंत आजीआजोबांजवळ.

प्रवेशाच्या दिवशी टेबलाशी बसले होते. एका मुलानं विचारलं, "मॅडम, तुम्हाला समोरच्याच्या मनातलं कळतं का?" दुसरा म्हणाला, याला पाठांतर कमी असतं म्हणून घेतोय. आणि एका मुलीचे वडील जरा बाजूला येऊन हळूच म्हणाले, "बाई, हा वेड्यांचा विषय आहे म्हणतात. पुढं पोरीच्या सोयरिकीत कुणी नाव ठेवणार नाही ना?" मी त्यांना काहीतरी सांगितलं, पण ते त्यांना पटलं नाही हे चेहऱ्यावर दिसत होतं.

मला हा विषय फार जवळचा आहे. बारावीत मी रात्र-रात्र तेच पान पुन्हा पुन्हा वाचायचे आणि आठ दिवसांत सगळं पुसलं जायचं. आपलं डोकंच कमी, असं धरून चालले होते. दोष डोक्याचा नाही, वाचायच्या पद्धतीचा आहे, हे एम.ए.ला आल्यावर कळलं. हे सोळाव्या वर्षी कुणी सांगितलं असतं तर! माझ्या वर्गातल्या मुलांना ते वेळेवर मिळावं एवढंच वाटतं.

प्रोजेक्टर नाही. फळा, खडू आणि ४० मिनिटांचा तास. विषय कशाचा अभ्यास करतो आणि तो का शिकायचा, हे या मुलांच्या आत कसं पोचवू?

खडू_डस्टर | रविवार, रात्री ११.१५

ताई, मी सोलापूर जिल्ह्यात ३१ वर्षं हाच विषय शिकवून निवृत्त झालो. तुमचा प्रश्न वाचून झोपायचं पुढं ढकललं.

पहिल्या तासाला व्याख्या देऊ नका. सुरुवातीची सहा-सात वर्षं मी तेच केलं. 'सायकॉलॉजी' या नावामागचे ग्रीक शब्द, त्यांचे अर्थ, मग विल्हेल्म वुंट, जर्मनीतलं लाइपझिग, १८७९, मानसशास्त्राची पहिली प्रयोगशाळा. मुलं मुकाट्यानं उतरवून घ्यायची आणि वही मिटायची. वुंट सांगायचाच आहे, पण मुलांनी स्वतः एक प्रयोग केल्यानंतर. मग त्यांना कळतं की मनाबद्दल हजारो वर्षं बोललं गेलं होतं, या माणसानं घड्याळ लावून मोजायला घेतलं, आणि ते का मोठं होतं.

पहिल्या तासाला हे करा. मुलांना पेन खाली ठेवायला सांगा आणि हे १५ शब्द वाचा, दीड सेकंदाला एक, एका सुरात: अंथरूण, उशी, जांभई, स्वप्न, वाकळ, रात्र, घोरणे, बाज, डुलकी, अंगाई, थकवा, पेंग, पांघरूण, गादी, पहाट. वाचून झालं की लगेच आठवतील तेवढे लिहायला सांगा. अंदाजानं ठोकायचं नाही, खात्री असेल तेच लिहायचं, हे बजावा. मग एकेक शब्द घेऊन हात वर करायला लावा. 'अंगाई' किती जणांनी लिहिलं? 'बाज' किती जणांनी? आणि मध्येच सहज विचारा, 'झोप' किती जणांनी लिहिलं?

हातच हात दिसतील. यादीत 'झोप' नाही.

पहिल्या वर्षी एक मुलगी माझ्याशी भांडलीच. "सर, तुम्ही म्हणालात. मी माझ्या कानांनी ऐकलंय." अर्धा वर्ग तिच्या बाजूनं. मला वाटेना की ती खोटं बोलतेय, आणि ती बोलतही नव्हती. पण माझ्याकडं पुरावा नव्हता, तास तिथंच फिसकटला. तेव्हापासून मी यादीची प्रत आधीच एका मुलाच्या हातात देतो आणि वाचलेल्या प्रत्येक शब्दावर त्याला खूण करायला लावतो. तुम्हीही तसंच करा. शिक्षकाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही, कागद बघायचा, ही सवय पहिल्याच दिवशी लागते.

मग सांगा की रोडिगर आणि मॅकडरमॉट या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये हेच केलं. त्यांच्या पहिल्या प्रयोगात यादीत नसलेला मुख्य शब्द सुमारे ४० टक्के वेळा लिहिला गेला, दुसऱ्या प्रयोगात ५५ टक्के. आपल्या वर्गाचा आकडा फळ्यावर त्याशेजारी लिहा. फळ्यावर स्वतःचा आकडा आला की मुलं विषयाची होतात, असा माझा अनुभव आहे.

वेळ उरला तर एलिझाबेथ लॉफ्टस या मानसशास्त्रज्ञ बाईंचा १९७४ चा प्रयोग सांगा. १५० विद्यार्थ्यांना मोटारींच्या टकरीची छोटी फिल्म दाखवली. पन्नास जणांना विचारलं, गाड्या एकमेकींवर आदळून चेंदामेंदा झाल्या तेव्हा वेग किती होता? पन्नास जणांना साधंच, गाड्या धडकल्या तेव्हा वेग किती? उरलेल्या पन्नासांना वेगाबद्दल काहीच विचारलं नाही. आठवड्यानं सगळ्यांना एकच प्रश्न: फुटलेली काच दिसली होती का? पहिल्या गटातले १६ हो म्हणाले, दुसऱ्यातले ७, तिसऱ्यातले ६. फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. प्रश्नातल्या एका क्रियापदानं आठवण बदलली.

एके वर्षी हे सांगून झाल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. त्यांच्या घरात बांधावरून भाऊबंदकी चालू होती, कोर्टात साक्षी झाल्या होत्या. म्हणाला, "सर, म्हणजे माझा चुलता खोटं बोलत नव्हता?" मी म्हटलं, बाळा, तसंही आपण म्हणू शकत नाही. माणूस छातीठोक सांगतोय एवढ्यावरून ते खरं की खोटं ते ठरत नाही, इतकंच आपल्याला आज कळलं. तो खाली बसला आणि तासभर काही लिहीत होता. हा विषय का शिकायचा, याचं माझ्यापुरतं उत्तर त्या दिवसापासून तो मुलगा आहे.

दुसऱ्या तासासाठी एक अभ्यास सांगतो, तो तुमच्या मुलांसाठीच केल्यासारखा आहे. तमिळनाडूतल्या विलुप्पुरम आणि तिरुवण्णामलै भागातल्या ५४ गावांतले ४६४ ऊस उत्पादक शेतकरी. आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्याच शेतकऱ्याला ऊस जायच्या आधी, हाताशी पैसा नसताना, आणि ऊस जाऊन पैसे आल्यावर, अशा दोनदा सारख्याच चाचण्या दिल्या. एक आकृत्यांची जुळणी, आणि दुसरी अशी की '५ ५ ५' दाखवल्यावर 'तीन' म्हणायचं, म्हणजे अंक न वाचता किती अंक आहेत ते सांगायचं. पैशाच्या ओढाताणीत असताना त्याच माणसाचे गुण कमी पडले. माणूस तोच, डोकं तेच. चिंतेनं डोक्यातली जागा अडवली होती, असं संशोधकांचं म्हणणं.

आता वर्गाला विचारा, हा फरक नुसत्या ऋतूमुळं नसेल कशावरून? ऊसपट्ट्याशी नातं असलेली मुलं स्वतःच सांगतील: कारखाना सगळ्यांचा ऊस एकदम नेत नाही, कुणाची तोड आधी, कुणाची तीन महिन्यांनी. नेमका याच गोष्टीचा संशोधकांना उपयोग झाला. एकाच महिन्यात कुणी तोडीआधीचा, कुणी नंतरचा. मानसशास्त्राची पद्धत म्हणजे काय, ते इथं एका दमात कळतं. या निष्कर्षांवर पुढं वादही झाले, तेही लपवू नका. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले तेव्हा एक तृतीयांशाच्या थोडेच वर निकाल पुन्हा तसेच स्पष्ट आले. आपलाच माल आपणच तपासून बघणारा विषय आहे, हे सांगताना मला नेहमी अभिमान वाटला.

तिसऱ्या तासाला तुमची बारावीची गोष्ट सांगा. पुढं रोडिगर आणि कार्पिके यांचा २००६ चा प्रयोग सांगा: उतारा चार वेळा वाचणारे पाच मिनिटांनी पुढं होते, पण एकदा वाचून तीन वेळा न बघता लिहून काढणारे आठवड्यानं पुढं गेले, ६१ टक्के विरुद्ध ४० टक्के.

वर्ग_बारावी | सोमवार, सकाळी ७.०५

सरांचा मान राखून थोडं वेगळं मत मांडते. मीही हाच विषय शिकवते. तीन तास प्रयोगांत गेले तर पहिली घटक चाचणी तोंडावर येते. तेव्हा पेपरात व्याख्या लिहायची असते, फरक स्पष्ट करायचा असतो. आपली मुलं खेड्यातली, घरी विचारायला कुणी नाही, क्लास परवडत नाही. त्यांना लिहिता येण्याजोगं हातात दिलंच पाहिजे. गुण मिळाले नाहीत तर पुढचं शिक्षणच थांबतं, विशेषतः मुलींचं. ताई, प्रयोग जरूर करा, पण रोज शेवटची दहा मिनिटं वहीसाठी राखून ठेवा.

खडू_डस्टर | सोमवार, सकाळी ८.३०

ताईंचं म्हणणं मान्य, दहा मिनिटं ठेवाच. फक्त व्याख्या आधी फळ्यावर लिहू नका. यादीचा प्रयोग झाल्यावर विचारा, "आज आपण काय केलं?" मुलं म्हणतील, लोकांना काय आठवतं ते बघितलं, मोजलं. मग पुस्तकातली ओळ काढा: वर्तन आणि मानसिक प्रक्रिया यांचा शास्त्रीय अभ्यास. वर्तन कुठलं? हातानं लिहिलं ते. मानसिक प्रक्रिया? आठवणं. शास्त्रीय का? यादी सगळ्यांना सारखी, खूण केलेला कागद, आकडा फळ्यावर. एकदा असं झालं की ती ओळ मुलांना वेगळी पाठ करावी लागत नाही.

सिव्हिल_खोली_१२ | सोमवार, दुपारी २.२०

मी एका जिल्हा रुग्णालयाच्या मानसिक आरोग्य विभागात समाजसेविका आहे. शिक्षिका नाही, पण तुमच्या वर्गातून उठून आमच्याकडं येणारी मुलं मी बघते, म्हणून लिहिते.

हा विषय सुरू झाला की चौथ्या-पाचव्या दिवशी कुणीतरी तास सुटल्यावर मागं थांबतं. "मॅडम, माझ्या आईला असं असं होतं..." किंवा स्वतःबद्दल. वर्गात सगळ्यांसमोर कुणाला दुःख सांगायला लावू नका. 'तुमच्या आयुष्यातला वाईट प्रसंग लिहा' असला उपक्रम मुळीच नको. आणि थांबलेल्या मुलीला 'तुला नैराश्य आहे' असंही सांगू नका. ऐकून घ्या, एकटं सोडू नका, आणि योग्य ठिकाणी पोचवा. टेली-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक वर्गाच्या भिंतीवर लावून ठेवा. दिवसरात्र चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

मनोविकारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस होऊन पुढं मनोविकारशास्त्र शिकलेला डॉक्टर, तो औषध देतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या घेतो, उपचाराचं बोलणं करतो, औषध लिहीत नाही. ही साधी ओळख गावात कुणालाच नसते आणि त्यापायी लोक दारोदार फिरतात. एक आई तिच्या मुलाला दोन वर्षं बाहेरचं बघणाऱ्यांकडं नेत होती. दोन एकर रान गहाण पडलं होतं. आमच्याकडं आली तेव्हा मुलगा चार दिवस झोपला नव्हता. उपचार लागू पडले, तो आता रोजंदारीला जातो. ती मला म्हणाली, "हे आधी कुणी सांगितलंच नाही." आम्ही रुग्णालयात बसून ते सांगू शकत नाही, तुम्ही वर्गात बसून सांगू शकता.

देवी अंगात येण्याबद्दल मुलं विचारतील. हसू नका, कुणाला हसू देऊ नका. ते कुणाच्या तरी आजीबद्दल असतं.

आणि त्या वडिलांना सांगा की आजार समजून घेणं हा या विषयाचा एक कोपरा आहे. मूल बोलायला कसं शिकतं, घोळका असला की माणूस मदतीला का थबकतो, गाडी चालवणाऱ्याचं लक्ष कसं उडतं, हेही सगळं यातच येतं.

बालाघाट | सोमवार, रात्री ८.५०

मी शिक्षक नाही, दोन मुलांचा बाप आहे. मागं मुलाच्या शाळेत काही लोक आले आणि बोटांचे ठसे घेऊन 'जन्मजात बुद्धिमत्तेचा' रंगीत अहवाल दिला. त्यात होतं, मुलगा हळवा आहे, पण वेळ आली तर खंबीर होतो, त्याच्यात न वापरलेली क्षमता आहे. आम्हा नवराबायकोला वाटलं, किती बरोबर! पुढं लिहिलं होतं की गणित त्याचा प्रांत नाही. त्या एका ओळीनं त्याचं गणित सुटलं, आणि ती ओळ त्याला वाचून दाखवणारा मीच होतो.

नंतर एका पुतण्यानं, तो हाच विषय शिकतो, बर्ट्रम फोररचा प्रयोग सांगितला. या प्राध्यापकानं वर्गातल्या ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली, आठवड्यानं प्रत्येकाला त्याचा निकाल दिला आणि तो किती जुळतो त्याला ० ते ५ गुण द्यायला सांगितले. सरासरी आली ४.२६. मग उघड केलं की सगळ्यांना एकच मजकूर दिला होता, आणि तो ज्योतिषाच्या पुस्तकातून जमवला होता. हे १९४९ मध्ये छापून आलंय. बोटांच्या ठशांवरून बुद्धी कळते याला काही शास्त्रीय आधार नाही, हे मला तेव्हा समजलं.

मॅडम, हा प्रयोग मुलांवर करा. पालकांना शाळेत बोलावून त्यांच्यावरही केलात तर फार उपकार होतील.

पहिला_तास | पुढच्या शनिवारी, रात्री १०.०५

सगळ्यांचे मनापासून आभार. चार तास झाले, काय झालं ते सविस्तर सांगते.

सोमवारी ५४ मुलं हजर होती. सरांची यादी वाचली, खुणांचा कागद पहिल्या बाकावरच्या मुलाकडं दिला होता. 'झोप' २९ जणांनी लिहिलं होतं. यादीत नाही म्हटल्यावर सरांनी सांगितलं तस्साच गलका! कागदधारी मुलगा उभा राहून एकेक शब्द वाचत गेला तसा वर्ग शांत होत गेला. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, पण मला अजून ऐकू येतंय." ते वाक्य मी फळ्यावर लिहिलं आणि शेवटची दहा मिनिटं व्याख्या त्याच्याखालीच घेतली.

ऊस शेतकऱ्यांचा अभ्यास बुधवारी घेतला. मला वाटलं होतं मुलं बोलतील, पण बराच वेळ कुणीच बोललं नाही. मग एक मुलगा म्हणाला, "मॅडम, आमच्यात उचल घेतल्यावर पैसा येतो, पण तो फिटेपर्यंत चिंताच असते. मग आमचं डोकं कधी मोकळं?" तमिळनाडूतले ते शेतकरी उसाचे मालक होते, तोडणारे नव्हते, हा फरक त्यानं एका वाक्यात पकडला. मी म्हटलं, हे कुणी तपासलं पाहिजे, आणि तो तपासणारा तू का नसावास. तो नुसता माझ्याकडं बघत राहिला.

१४४१६ भिंतीवर लावलाय. एक मुलगी तास संपल्यावर थांबली होती. तिच्याबद्दल इथं लिहीत नाही, पण खोली १२ च्या ताई, तुमच्या शब्दांचा फार उपयोग झाला.

सोयरिकीची काळजी असलेल्या त्या वडिलांच्या मुलीनं मात्र मला चकित केलं. शुक्रवारी ती स्वतःची यादी करून घेऊन आली: कोयता, फड, मोळी, पाचट, वाढे, टोळी, मुकादम, उचल, कोपी, बैलगाडी, चिपाड, गाळप, रस, गूळ, साखर. मुद्दाम न घातलेला शब्द: ऊस. घरातल्या आणि शेजारच्या पाच जणांना तिनं ती वाचून दाखवली. ज्यांना लिहिता येत नाही त्यांना तोंडी सांगायला लावलं आणि स्वतः टिपून घेतलं. चौघांनी 'ऊस' म्हटलं, वडिलांनी तर सगळ्यात आधी. आईनं अकरा शब्द बिनचूक सांगितले आणि 'ऊस' म्हटलाच नाही. मुलीनं वारंवार विचारलं, तरी आई म्हणाली, "तू तो शब्द काढलाच नाहीस की."

आता ती मला विचारते, आईचं वेगळं का आलं? अठरा वर्षं ऊस तोडणाऱ्या बाईला तर तो शब्द सगळ्यात आधी आठवायला हवा होता. सर, काय सांगू तिला?

खडू_डस्टर | शनिवार, रात्री १०.४०

कारण सांगू नका, ते आपल्याला माहीत नाही. आईचं उत्तर आलं तसं वहीत लिहून ठेवायला सांगा, तारखेसह. मग तीच यादी आणखी वीस जणांना, दहा तोडीला जाणारे आणि दहा न जाणारे. आणि तिला सांगा, शब्द वाचताना सूर सारखा ठेव, आईपाशी वेगळा नको.

तिची यादी मला पाठवाल का? 'वाढे' आणि 'कोपी' हे माझ्या एकतीस वर्षांत कधी सुचले नाहीत.